समोरच्या खुर्चीवर कोण?

हुडकेश्वर हे कारखान्यांचे गाव नव्हे. नागपूरच्या दक्षिण टोकाला शेतजमिनींवर एकामागून एक लेआउट पडत गेले आणि जुन्या गावठाणाभोवती शहर उभे राहिले. इथला माणूस कामाला जातो तो बुटीबोरीला किंवा हिंगण्याला. हुडकेश्वरात तो घर बांधतो, कर्ज फेडतो, मुलांच्या शिकवणीचे पैसे भरतो. कारखान्यातल्या वाटाघाटींची बातमी इथे पोहोचते ती घरखर्चाच्या वाटेने. ‘करार झाला का?’ हा प्रश्न इथे वेगळा समजावून सांगावा लागत नाही. करार म्हणजे वेतनकरार, आणि ‘फरक’ म्हणजे जुना करार संपल्यापासून नवा होईपर्यंत तुंबलेली वाढ, एकरकमी हाती येणारी. त्या फरकावर कुणाच्या घराचा स्लॅब पडतो, कुणाच्या मुलीचे लग्न निघते.

करारपत्र हाती आले की बहुतेकांची नजर वाढीच्या आकड्याकडे जाते. मी आधी पहिले पान वाचतो. तिथे दोन पक्षांची नावे असतात: एका बाजूला कंपनी आणि तिच्या वतीने सही करणारे अधिकारी, दुसऱ्या बाजूला संघटना आणि तिचे पदाधिकारी. हे पान नीरस वाटते, पण पुढची सगळी पाने त्याच्यावर उभी असतात. कामगारांच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा, तो कोणी दिला आणि त्या ‘कामगारां’मध्ये कोणाकोणाला धरले, या प्रश्नांची उत्तरे तिथे एका ओळीत मिटलेली असतात. ती ओळ लिहिली जाण्याला नागपुरात जवळजवळ दीडशे वर्षे लागली आहेत. या लेखात मी त्या ओळीचाच माग काढणार आहे.

मिल आणि तिचा पहिला संप

जमशेटजी टाटांनी १८७४ मध्ये ‘सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी’ स्थापन केली. मुंबई सोडून नागपूर निवडण्याचे कारण व्यवहारी होते: कापूस दाराशी, कोळसा जवळ, आणि मुंबईला जोडणारी रेल्वे आलेली. जुम्मा तलावाजवळची दलदलीची जमीन भरून गिरणी उभी राहिली. १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याची घोषणा दिल्लीत होत असताना, गिरणी सुरू झाली आणि तिला ‘एम्प्रेस’ हे नाव मिळाले. 

त्याच वर्षी या गिरणीत मजुरीच्या दरावरून संप झाला. भारतातल्या कामगार चळवळीचे इतिहास बहुधा याच संपापासून सुरुवात करतात, कारण नोंद झालेल्या सर्वांत जुन्या गिरणी संपांत तो मोडतो. पण त्याला मिळते ती एखादी ओळ: १८७७, एम्प्रेस मिल, नागपूर, मजुरीचा दर. तिच्यात संपकऱ्याचे नाव नाही, मागणीचा आकडा नाही, मालकाचे उत्तर नाही.

या त्रोटकपणाला माझ्या मते अर्थ आहे. मालक आणि कामगार समोरासमोर बसले की कागद तयार होतो. मागणी लिहावी लागते, तिला उत्तर द्यावे लागते, बैठकीचे इतिवृत्त ठेवावे लागते. १८७७ मध्ये असा कागद व्हावा, अशी व्यवस्थाच नव्हती. भरती मुकादमाच्या हाती होती आणि गाऱ्हाणेही त्याच्याच मार्फत वर जायचे. संघटनेला कायद्यात जागा नव्हती. काम थांबवणे एवढेच एक वाक्य कामगाराला बोलता येत होते, आणि ते त्याने पहिल्याच वर्षी बोलून दाखवले.

दिलेले आणि ठरवलेले

एम्प्रेस मिल ही वाईट मालकाची गिरणी नव्हती, म्हणून तिचा दाखला अधिक महत्त्वाचा ठरतो. गैरहजेरी ही तिथली मोठी अडचण होती. शेतीच्या, सणाच्या, लग्नसराईच्या दिवसांत माणसे कामावर येत नसत. जमशेटजी आणि त्यांचे व्यवस्थापक बेझनजी दादाभाई मेहता यांनी दंडापेक्षा बक्षिसाचा मार्ग धरला. बक्षीस समारंभ भरत आणि नियमित, चांगल्या कामगारांना घड्याळे, साखळ्या, रोख रक्कम, कापडाचे तागे मिळत. १८८६ मध्ये पेन्शन फंड निघाला आणि १८९५ पासून अपघाताची भरपाई मिळू लागली. कामगार नुकसानभरपाईचा कायदा देशात १९२३ मध्ये आला, म्हणजे ही गिरणी कायद्याच्या २८ वर्षे पुढे होती.

हे सारे खरे आणि मोलाचे होते. पण ते दिलेले होते, ठरवलेले नव्हते. पेन्शन किती, कोणाला, किती वर्षांच्या नोकरीनंतर, हे ठरवताना समोर कोणी बसलेले नव्हते. देणारा उदार असेपर्यंत या फरकाने काही बिघडत नाही. व्यवस्थापन बदलले, बाजार पडला किंवा कंपनी विकली गेली की तो उघडा पडतो. ठरवलेली गोष्ट एकट्याला मागे घेता येत नाही, दिलेली घेता येते.

याच काळात मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे वेगळी पायवाट पाडत होते. १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारी आयोगापुढे ठेवला. आठवड्याची सुटी, दुपारची विश्रांती, वेळेवर पगार आणि जखमी कामगाराला भरपाई, असे त्यात होते. १८९० मध्ये हजारो कामगारांच्या सभेनंतर मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. लोखंड्यांच्या ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’ला ना वर्गणी होती ना नियमावली, म्हणून आजच्या व्याख्येत ती युनियन बसत नाही. तरीही मागणी लिहून, सह्या करून, नावानिशी पुढे ठेवण्याची रीत मराठी मुलखात तिथून सुरू झाली. आजच्या मागणीपत्राचे मूळ मला त्या अर्जात दिसते.

बसणाऱ्याला संरक्षण

नावानिशी पुढे येण्यात धोका होता. १९१८ मध्ये बी. पी. वाडियांनी मद्रास लेबर युनियन स्थापन केली. बकिंगहॅम अँड कर्नाटिक गिरण्यांतल्या तंट्यात मालक बिन्नी कंपनीने हायकोर्टात धाव घेतली आणि वाडियांविरुद्ध मनाईहुकूम मिळवला. कामगारांना संघटित करून त्यांना काम थांबवायला सांगणे म्हणजे नोकरीचा करार मोडायला फूस लावणे, अशी ती कायद्याची बाजू होती. करार होता तो मालक आणि एकेकटा मजूर यांच्यात, मधल्या संघटनेला कायदा ओळखत नव्हता.

या धक्क्यातून १९२६ चा ट्रेड युनियन कायदा आला आणि १ जून १९२७ पासून लागू झाला. नोंदणीकृत युनियनला त्याने दिवाणी आणि फौजदारी कारवाईपासून संरक्षण दिले. निम्म्यापर्यंत पदाधिकारी कारखान्याबाहेरचे असू शकतील, अशी सोयही ठेवली. या ‘बाहेरच्या’ पुढाऱ्यावर मालक नेहमीच नाराज असतात, पण त्याची गरज साधी होती. सकाळी साहेबासमोर ताठ बोललेल्या माणसाला संध्याकाळी घरी पाठवता येत असेल, तर ज्याला घरी पाठवता येत नाही असा कोणीतरी बोलायला हवा. नागपुरात ही जागा रा. स. रुईकरांनी अनेक वर्षे सांभाळली. पुढे १९४८ च्या डिसेंबरात हावड्याला हिंद मजदूर सभा स्थापन झाली, तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष रुईकरच झाले.

या कायद्यात एक मोठी उणीव मात्र राहिली. युनियनची नोंदणी सरकारने करायची होती, पण त्या युनियनशी बोललेच पाहिजे, असे बंधन मालकावर नव्हते. संघटनेला अस्तित्व मिळाले, समोरची खुर्ची मात्र मिळाली नाही.

नागपूर, १९२९ आणि १९३८

खुर्ची समोर आली तरी बसावे का, हा प्रश्न नागपुरातच पेटला. १९२९ मध्ये ब्रिटिश सरकारने जे. एच. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली कामगारविषयक रॉयल कमिशन नेमले. त्यावर भारतीय कामगारांच्या बाजूने ना. म. जोशी आणि दिवाण चमनलाल होते. त्याच वर्षाअखेरीस आयटकचे, म्हणजे अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचे अधिवेशन जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली नागपुरात भरले. अधिवेशनाने कमिशनवर बहिष्कार टाकण्याचा ठराव केला. जोशी आणि त्यांचे सहकारी बाहेर पडले व त्यांनी वेगळे फेडरेशन काढले. चळवळ नऊ वर्षांत पहिल्यांदा दुभंगली.

ही फूट जहाल-मवाळांच्या नेहमीच्या साच्यात बसवली जाते. मला ती वाटाघाटीच्या तत्त्वावरची फूट वाटते. ज्या सरकारची वैधताच मान्य नाही, त्याने मांडलेल्या टेबलावर बसणे म्हणजे ती मान्य करणे, असे एका बाजूचे म्हणणे. टेबल कोणीही मांडो, कामगाराचे म्हणणे नोंदले गेले पाहिजे, असे दुसऱ्या बाजूचे. दोन्ही बाजू प्रामाणिक होत्या, आणि कारखान्यातल्या प्रत्येक करारापूर्वी हाच वाद लहान प्रमाणात आजही होतो. व्यवस्थापनाने नेमलेल्या समितीत जायचे की नाही? आत जाऊन अडवायचे की बाहेरून?

१९३१ च्या अहवालात कमिशनने एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. युनियनमध्ये थोडेच कामगार आहेत किंवा तिचा पुढारी बाहेरचा आहे, एवढ्यावरून मालकाने तिला मान्यता नाकारू नये, अशी ती शिफारस होती. बहिष्कार घातलेल्या टेबलावर हे कामगारांच्या हिताचे वाक्य लिहिले गेले. ते अमलात मात्र आले नाही, त्यामुळे बहिष्कार घालणारेही सर्वस्वी चुकले असे म्हणता येत नाही.

जोडणीही नागपुरातच झाली. एप्रिल १९३८ च्या नागपूरच्या अधिवेशनात वेगळे फेडरेशन आयटकशी संलग्न झाले. कौन्सिलवर दोन्ही बाजूंना समान जागा, आणि राजकीय ठराव व संपाचा निर्णय तीन-चतुर्थांश बहुमतानेच, अशी त्याची अट होती. १९४० मध्ये विलीनीकरण पूर्ण झाले. आपसातल्या वाटाघाटीचा हा एक उत्तम नमुना आहे. संपासारखा निर्णय काठावरच्या बहुमताने घ्यायचा नाही, ही समज फुटीच्या अनुभवातून आली होती.

‘कामगार’ म्हणजे कोण?

मालकाशी कोण बोलणार, एवढ्यावर हा प्रश्न संपत नाही. बोलणारा सगळ्यांच्या वतीने बोलतो का, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्पष्टपणे विचारले. मुंबईच्या गिरण्यांत जास्त मजुरीच्या विणखात्यात अस्पृश्य कामगारांना घेत नसत. धोट्यातला तुटलेला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि त्यातून विटाळ होतो, असे कारण सांगितले जाई. हे बंधन मालकाने घातलेले नव्हते, सहकामगारांनी पाळलेले होते. १९२८ आणि १९२९ च्या मोठ्या संपांच्या वेळी बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना विचारले की तुमच्या मागण्यांत हे का नाही. ज्याला खात्याच्या दारातच अडवले आहे, त्याने त्या खात्याच्या दरवाढीसाठी उपाशी का राहावे?

नागपूरच्या गिरण्यांत दलित कामगारांची संख्या मोठी होती, आणि दलित चळवळीचे हे एक मुख्य केंद्र होते. जुलै १९४२ मध्ये इथे अखिल भारतीय दलित वर्ग परिषद भरली. त्याच महिन्यात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले. ऑगस्टमध्ये दिल्लीत सरकार, मालक आणि कामगार यांना एकत्र बसवणारी त्रिपक्षीय परिषद त्यांच्या अध्यक्षतेखाली झाली. १९४३ मध्ये त्यांनी ट्रेड युनियन कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले. प्रातिनिधिक युनियनला मान्यता देणे मालकावर बंधनकारक करावे, हा त्याचा गाभा होता. अशी दुरुस्ती १९४७ मध्ये संमतही झाली. पण ती कधीच अमलात आणली गेली नाही. भारतीय कामगार कायद्याच्या इतिहासात याहून बोलकी तारीख मला दुसरी दिसत नाही: कायदा झाला, आणि लागू करण्याचा दिवस उगवलाच नाही.

कायद्याने दिलेली खुर्ची

केंद्राने जे टाळले ते प्रांतांनी आपल्या पद्धतीने केले. १९३८ चा मुंबई औद्योगिक विवाद कायदा संपावर निर्बंध घालणारा होता. त्याविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्टांनी मिळून एक दिवसाचा संप केला. १९४६ मध्ये गुलझारीलाल नंदा मजूरमंत्री असताना मुंबई औद्योगिक संबंध कायदा आला. अहमदाबादच्या मजूर महाजनाच्या अनुभवावर तो बेतलेला होता. एका क्षेत्रातल्या एका उद्योगात एकच ‘प्रातिनिधिक’ युनियन असेल आणि तिनेच सर्व कामगारांच्या वतीने बोलायचे, अशी त्याची रचना होती. मध्य प्रांत व वऱ्हाडात १९४७ चा वेगळा कायदा होता. महाराष्ट्र राज्य झाल्यावर मुंबईचा कायदा विदर्भातल्या गिरण्यांनाही लागू झाला.

आता खुर्ची मिळाली, पण ती जागेवर घट्ट ठोकलेली होती. तिच्यावरची संघटना कामगारांचा विश्वास गमावून बसली, तरी तिला उठवणे फार अवघड होते. याचा स्फोट १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत झाला. सुमारे अडीच लाख गिरणी कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले. कायद्याने बोलण्याचा अधिकार राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता, आणि कामगार मात्र सामंतांच्या मागे होते. संप चालवणाऱ्याशी मालक बोलायला बांधील नव्हते आणि ज्याच्याशी बोलत होते त्याच्या हातात संप नव्हता. पगार आणि बोनसइतकीच हा कायदा रद्द करण्याची मागणी कामगारांना महत्त्वाची वाटत होती, ती यामुळे. संपाचा समेट असा झालाच नाही.

कापडगिरण्यांसारख्या उद्योगांबाहेर महाराष्ट्राने दुसरी वाट धरली. १९७१ चा युनियन मान्यता आणि अनुचित कामगार प्रथा प्रतिबंधक कायदा सप्टेंबर १९७५ पासून अमलात आला. इथे एकक संपूर्ण उद्योग नसून एकेक कारखाना आहे. ५० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात ज्या युनियनकडे सलग सहा महिने किमान ३० टक्के सभासद आहेत, ती औद्योगिक न्यायालयाकडे मान्यता मागू शकते. दुसरी युनियन अधिक सभासद दाखवून तिची जागा मागू शकते. खुर्ची आता हलवता येऊ लागली.

करार होतो कसा

हिंगणा आणि बुटीबोरीच्या मोठ्या कारखान्यांत आज होणारे करार याच चौकटीत होतात. जुन्या कराराची मुदत, बहुधा तीन-चार वर्षांची, संपत आली की युनियन तो संपुष्टात आणण्याची लेखी नोटीस देते आणि सोबत नवे मागणीपत्र जोडते. नोटिशीनंतर दोन महिने उलटेपर्यंत जुना करार कायद्याने चालूच राहतो, आणि व्यवहारात नवा होईपर्यंत त्याचेच दर चालतात. ‘फरक’ जन्माला येतो तो या मधल्या काळात.

व्यवस्थापन उत्तरादाखल आपले मागणीपत्र ठेवते. त्यात उत्पादन वाढवणे, यंत्रामागे माणसे कमी करणे, गैरहजेरी आटोक्यात आणणे हे असते. वाढ एकरकमी बोलली जाते आणि मग तिची वाटणी होते: मूळ पगारात किती, भत्त्यांत किती, पहिल्या वर्षी किती, उरलेली केव्हा. खरी झोंबाझोंबी या वाटणीवर होते, कारण मूळ पगारात पडलेला रुपया भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीला ओढून नेतो आणि भत्त्यात पडलेला रुपया बहुधा जागेवर थांबतो. सारख्या आकड्याचे दोन करार निवृत्तीच्या दिवशी अगदी वेगळे निघू शकतात.

सहीची जागाही महत्त्वाची असते. दोघांनी आपसात केलेला समझोता सही करणाऱ्या पक्षांनाच बांधतो. कामगार आयुक्तालयातल्या समेट अधिकाऱ्यासमोर झालेला समझोता मात्र त्या कारखान्यातल्या सर्व कामगारांना, नंतर रुजू होणाऱ्यांनाही, लागू होतो. मान्यताप्राप्त युनियनची सही असेल तेव्हाही असाच परिणाम होतो. अजून भरती न झालेल्या माणसाच्या वतीने आज कोणीतरी सही करतो. पहिल्या पानावरच्या नावाचे वजन इथे कळते.

पानावर नसलेली नावे

एम्प्रेस मिल १९८६ मध्ये टाटांकडून राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये बंद झाली. तिच्या जागेवर आज मॉल आहे. बंद होणाऱ्या कारखान्यात दोन पक्ष समोरासमोर बसतात तेव्हा टेबलावर वाढ नसते, हिशेब असतो. ‘नाही’ म्हणून काम थांबवण्याची कामगाराची जुनी ताकद तिथे उपयोगाची राहत नाही, कारण काम आधीच थांबलेले असते.

चालू कारखान्यांत अडचण वेगळी आहे. एकाच लाइनवर कायम कामगार, ठेकेदाराचा कामगार आणि ट्रेनी शेजारी शेजारी उभे असतात. हुडकेश्वरातून सकाळी एकाच गाडीने निघालेल्या तिघांपैकी करारपत्र एकाचेच असू शकते. ठेकेदाराच्या कामगाराचा कागदोपत्री मालक वेगळा, म्हणून तो युनियनच्या यादीत नाही. ट्रेनी तर बऱ्याचदा कामगार म्हणून धरलाच जात नाही. करारातली वाढ कंपनीला परवडते याचे एक कारण या दोघांचा कमी पगार हे असते, आणि ते दोन्ही पक्षांना ठाऊक असते. बाबासाहेबांनी विणखात्याबद्दल विचारलेला प्रश्न इथे नव्या वेशात उभा आहे.

संसदेने २०२० मध्ये संमत केलेल्या औद्योगिक संबंध संहितेने वाटाघाटीचा हक्क प्रथमच देशभरासाठी कायद्यात लिहिला. अनेक युनियन असतील तर ५१ टक्के कामगार ज्या युनियनमागे आहेत ती एकटी बोलेल. तशी कोणीच नसेल तर किमान २० टक्क्यांची साथ असलेल्या संघटनांचे वाटाघाट मंडळ होईल. १९४७ पासून रखडलेली मान्यता या रूपात आली. सोबत संपासाठी सर्वत्र आधी नोटीस देण्याची अट आली, आणि ठरावीक मुदतीच्या नोकरीला देशभर मान्यता मिळाली. टक्के मोजायला अर्थ आहेच, पण ते कशाचे टक्के, म्हणजे हजेरीपटावर कोणाला धरायचे, हे आधी ठरते आणि तिथे वाटाघाट होत नाही.

म्हणून नव्या कराराची बातमी आली की किती वाढ मिळाली हे जरूर विचारावे. घराचा हप्ता त्यावरच ठरतो. त्यासोबत हेही विचारावे की कारखान्यात त्या दिवशी काम करणारे हात किती होते आणि करार लागू झाला तो त्यांतल्या किती हातांना. या दोन आकड्यांत आज जेवढे अंतर आहे, तेवढे १८७७ च्या संपातले काम अजून शिल्लक आहे.